ग्राहक आधी हेच बघतो, की तुम्ही नेमके कोणाचे

तुमचा प्रश्न मला असा समजला. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, एजंटांसाठीची परीक्षा देऊन, नोंदणी करून तुम्ही दोन वर्षं पुण्यात काम करताय. रीसेलमध्ये, म्हणजे आधीच्या मालकाकडून घर घेताना, घेणाऱ्याकडे १ टक्का मागितला की लोक म्हणतात, "फ्लॅट आम्हीच ऑनलाइन शोधला, मालकाशी आम्हीच बोलू, मग तुमचं काम काय?" एकाने तर तुम्ही दाखवलेला बाणेरचा फ्लॅट मालकाशी परस्पर जमवला. आणि आता एक जोडपं "विचार करून कळवतो" म्हणून गप्प बसलंय. घेणाऱ्याला स्वतःचा एजंट असावा हे त्यांना पटवायचं कसं?

आधी एक विचारतो. त्या जोडप्याला तुम्ही जो फ्लॅट दाखवलात, त्यात विकणाऱ्याकडूनही ब्रोकरेज घेणार होतात का? आपल्याकडे रीसेलमध्ये दोन्ही बाजूंनी घेणं सर्रास चालतं, तेव्हा बहुधा उत्तर ‘हो’ असेल. मग तुम्ही त्यांचे एजंट नाही, व्यवहाराचे एजंट आहात. त्यातही काम असतं, फुकटात कोणी करू नये. पण ‘मी तुमच्या बाजूने आहे’ असं म्हणत दुसरीकडूनही पैसे घ्यायचे, हे लोकांच्या लगेच लक्षात येतं. तोंडावर बोलत नाहीत, ‘विचार करून कळवतो’ म्हणतात. त्यांची शंका रास्त आहे आणि ती गोड बोलण्याने जाणार नाही. तुमचा पैसा कुठून येतो हे बदललं किंवा निदान उघडपणे सांगितलं, तरच जाईल.

मी काय करतो ते सांगतो, मग तुमच्या भागात त्यातलं काय चालेल ते तुम्ही बघा. रीसेलमध्ये घेणाऱ्याचं काम घेतलं की मी विकणाऱ्याकडून काही घेत नाही. विकणाऱ्याचा वेगळा एजंट असला तर त्याचं तो बघतो. माझी फी ठरीव रकमेत असते, टक्क्यांत नाही. ग्राहकाचं बजेट ऐकून पहिल्या भेटीतच आकडा ठरवतो आणि घर ७२ लाखांना मिळो की ८० लाखांना, तो बदलत नाही. टक्क्यांत अडचण अशी की घर महाग पडलं की आपली फी वाढते, आणि त्याच माणसाला आपण सांगत असतो की तुमच्यासाठी भाव पाडून देतो. कोणीही शहाणा माणूस यावर मनातल्या मनात हसेल. रक्कम ठरीव केल्यापासून भाव करताना ग्राहक माझ्याकडे संशयाने बघत नाही, हा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा.

नव्या प्रोजेक्टचं गणित वेगळं आहे, तिथे ढोंग करू नका. चॅनल पार्टनर, म्हणजे बिल्डरला गिऱ्हाईक आणून देणारा एजंट, म्हणून आपल्याला पैसे बिल्डर देतो. ते घेणाऱ्याच्या किमतीतच धरलेले असतात हे त्यालाही माहीत असतं. शिवाय प्रत्येक साइटचा टक्का वेगळा असतो, महिन्यात अमुक बुकिंग दिली की स्लॅब वाढतो, सणासुदीला वर काहीतरी बक्षीस असतं. मग आपण गिऱ्हाइकाला आधी कुठली साइट दाखवणार? मी तिथे घेणाऱ्याकडून काही घेत नाही, पण दाखवतोय त्या प्रत्येक प्रोजेक्टचा माझा टक्का व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवतो. काही सहकाऱ्यांना हे वेडेपणाचं वाटतं. मला याने गिऱ्हाईक गेल्याचं आठवत नाही. उलट आकडा बघून माणूस विचारतो, "मग जास्त टक्केवाली साइट तुम्ही शेवटी का दाखवलीत?" आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं.

रेरा कायद्याच्या कलम १० मध्ये एजंटाची कर्तव्यं दिलेली आहेत. खोटी माहिती द्यायची नाही, आणि बुकिंगच्या वेळी घेणाऱ्याला ज्या ज्या कागदांचा आणि माहितीचा हक्क आहे ते त्याला मिळेल असं बघायचं. म्हणजे पैसे बिल्डरने दिले तरी घेणाऱ्याप्रतीचं हे काम कायद्यानेच आपल्यावर टाकलंय. हे कलम ग्राहकाला दाखवा. पण जुन्या सोसायटीतल्या रीसेलला हे जसंच्या तसं लागू होत नाही. एजंटाची महारेरा नोंदणी ही महारेरात नोंदलेल्या प्रोजेक्टमधल्या विक्रीसाठी आहे. कोथरूडच्या तीस वर्षं जुन्या बिल्डिंगमधल्या व्यवहारात व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर दाखवून ‘मी अधिकृत आहे’ म्हणणं पोकळ आहे.

आता तो १ टक्का. ८० लाखांच्या फ्लॅटवर ८० हजार. त्याच फ्लॅटला पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, वर नोंदणी फी ३० हजार. ते लोक निमूट भरतात, कारण त्यात घासाघीस नसते. आपले ८० हजार डोळ्यांत येतात कारण ते टाळता येण्यासारखे दिसतात. हे समजून घ्या, त्यावर चिडू नका. आणि घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे बरोबर तेवढेच ८० हजार वाचतात, हे सांगून आपली फी ‘वसूल’ झाल्याचं दाखवू नका. ती माहिती कोणालाही पाच मिनिटांत मिळते. शिवाय नवरा सहमालक असला की ती सवलत मिळत नाही आणि घर कोणाच्या नावावर असावं हा त्या घराचा स्वतःचा विषय आहे. असल्या गोष्टी सांगा जरूर, पण त्यांची किंमत लावू नका.

"मालकाशी थेट बोललो तर १ टक्का वाचेल" याला माझं उत्तर ठरलेलं आहे: वाचेलही. पण मालकालाही तेच वाटत असतं. ‘दलाल नको’ अशी जाहिरात देणाऱ्या मालकाने तो टक्का आधीच स्वतःच्या खिशात धरलेला असतो आणि तुम्ही तुमच्या. दोघांचा एकच टक्का दोनदा वाचू शकत नाही, तेव्हा कोणाचा वाचतो हे भाव कोणाला चांगला कळतो त्यावर ठरतं. मालक त्या बिल्डिंगमध्ये पंधरा वर्षं राहिलाय. तुम्ही दोनदा जाऊन आलात, त्यातही एकदा रात्री.

आणि भाव कळणं म्हणजे काय, हे पहिल्याच भेटीत कागदावर दाखवा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे सारांश, बघता येतात. त्यात मोबदला असतो, क्षेत्रफळ असतं, दस्ताची तारीख असते. त्याच सोसायटीतले, नाहीतर शेजारच्या सर्व्हे नंबरमधले गेल्या दीड-दोन वर्षांतले व्यवहार काढा आणि प्रत्येकाचा कार्पेटवरचा, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष जागेवरचा, दर मांडा. पोर्टलवर दिसतो तो मागितलेला भाव, इंडेक्स टूमध्ये असतो तो नोंदवलेला. जुन्या व्यवहारात नोंदवलेला आकडा आणि प्रत्यक्षात दिलेला आकडा एकच असतो असं नाही, हेही सांगायचं. तरीही गिऱ्हाइकाच्या हातात असा कागद बहुतेक वेळा पहिल्यांदाच पडतो.

कार्पेटचं तर विचारू नका. मालक सांगतो ‘साडेनऊशेचा टू बीएचके’. ते सेलेबल असतं, म्हणजे जिना, लिफ्ट वगैरे सामायिक जागेचा वाटा धरून सांगितलेलं. टेप घेऊन मोजलं की ६६०-६७० निघतं. रेराच्या व्याख्येत बाल्कनी, बाहेरच्या भिंती, ओपन टेरेस कार्पेटमध्ये येत नाहीत, आतल्या भिंती येतात. पण जुन्या बिल्डिंगमध्ये बाल्कनी काच लावून हॉलमध्ये घेतलेली असते आणि मालक ती खोली म्हणून विकत असतो. ८० लाख भागिले ९५० म्हणजे साधारण ८,४०० रुपये फूट. तेच ८० लाख भागिले ६७० केले की दर १२ हजारांच्या जवळ जातो. तुलना कशाशी करायची हे इथेच बदलतं. माझ्या बॅगेत लेझर मेजर कायम असतो. ग्राहकाच्या समोर मोजा, आकडे त्यालाच लिहायला सांगा.

माझी मुख्य पद्धत इथे येते. पहिल्या भेटीत मी फ्लॅट दाखवत नाही. त्यांना आधीच आवडलेला, दुसऱ्याने दाखवलेला किंवा त्यांनीच शोधलेला एक फ्लॅट घ्यायला सांगतो आणि त्याची तपासणी त्यांच्यासमोर करतो, फी न घेता. मागे एक जोडपं वाकडला ‘रेडी पझेशन’ फ्लॅट बघून आलं होतं, नवव्या मजल्यावरचा, ९० लाख. महारेराच्या पानावर प्रोजेक्ट उघडला. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) होतं, पण अंशतः, सातव्या मजल्यापर्यंतचं. सेल्सवाल्याने ‘ओसी आलीय’ म्हटलं ते खोटं नव्हतं, त्यांच्या मजल्याची आली नव्हती एवढंच. त्यांना ‘फर्निचर करायला’ चावी द्यायची तयारी होती. आता पूर्णत्वाचा दाखला नाही तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे साडेचार लाख, जे ‘रेडी’ समजून त्यांनी धरलेच नव्हते. पाणी, लिफ्ट यांचं काय, हे प्रश्न पुढचे. तो फ्लॅट घेऊ नका असं मी म्हटलं नाही. ओसी येईपर्यंत थांबा, नाहीतर हे साडेचार लाख धरून भाव करा, असं सांगितलं. तो फ्लॅट माझा नव्हता, त्यात मला काही मिळणार नव्हतं. म्हणूनच त्यांचा विश्वास बसला.

इथे नेहमी एक आक्षेप येतो: "हे सगळं आमचा वकील बघेल," किंवा "बँक बघेलच की." वकील हवाच, मी तर सर्च रिपोर्टशिवाय, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याच्या अहवालाशिवाय, पुढे जाऊ देत नाही. पण वकील टायटल, म्हणजे मालकी हक्क, बघतो. छत गळतंय का, लिफ्टचा खर्च कोणी भरायचा यावरून सोसायटीत भांडण चालू आहे का, भाव वाजवी आहे का, हे तो बघत नाही आणि बघावं अशी अपेक्षाही नाही. बँकेचा वकील आणि व्हॅल्युअर बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतात. ग्राहक ८० लाखांतले २० लाख स्वतःचे घालणार असेल तर त्या २० लाखांची काळजी बँकेला नसते. ‘बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे सगळं क्लिअर’ ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. ती शांतपणे सोडवा, वकिलाला खाली न पाडता. चांगला वकील हा आपला सगळ्यात उपयोगी जोडीदार असतो.

रीसेलमध्ये घेणाऱ्याच्या माणसाचं खरं काम सोसायटीच्या ऑफिसात असतं. थकबाकी नसल्याचा दाखला, शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे, कन्व्हेयन्स झालंय का (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर झालीय का), गेल्या दोन सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त. सेक्रेटरी काका पहिल्या दिवशी काही दाखवत नाहीत. तिसऱ्या चहाला दाखवतात. महापालिका हद्दीत फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे हे माहीत असलं की ‘डोनेशन’ म्हणून मागितलेल्या मोठ्या रकमेवर निदान बोलता तरी येतं. आणि सध्या कोथरूड, कर्वेनगर, एरंडवण्यात सगळीकडे रीडेव्हलपमेंटचं वारं आहे. मालक म्हणतो, "तीन वर्षांत नवा फ्लॅट, पस्तीस टक्के जास्त कार्पेट," आणि त्याची किंमत आजच मागतो. मी विचारतो, बिल्डर निवडल्याचा ठराव झालाय का, बिल्डरशी विकसन करारनामा नोंदला गेलाय का? नोंदलेला करार असेल तर त्या जास्तीच्या जागेला किंमत आहे. नुसती सभेत चर्चा असेल तर ती चर्चाच आहे, तिचे पैसे देऊ नका. याच एका मुद्द्यावर ग्राहकाची माझ्यावर घातलेली फी कितीतरी वेळा वसूल झालेली आहे.

अनिवासी मालक हा दुसरा असाच मुद्दा. पुण्यात तो वारंवार येतो, कारण इथले कितीतरी फ्लॅट न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, दुबईत राहणाऱ्यांच्या नावावर आहेत आणि व्यवहार आई-वडील, नाहीतर मुखत्यारपत्र असलेला भाऊ करत असतो. ५० लाख किंवा त्यावरच्या घराला घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मालक अनिवासी असेल तर तो १ टक्क्याचा नियम लागू नसतो. दर त्याच्या कितीतरी पट असतो, ५० लाखांची मर्यादाही नसते आणि कमी कापायचा असेल तर मालकाने आयकर खात्याकडून तसा दाखला आणावा लागतो. कापला नाही तर जबाबदारी घेणाऱ्याच्या गळ्यात. समोर बसलेले सत्तर वर्षांचे आजोबा पाहून कोणाच्या मनात येतं विचारायचं, की शेअर सर्टिफिकेटवरचं नाव कोणाचं आणि तो राहतो कुठे? हा प्रश्न टोकन द्यायच्या आधी विचारायचा असतो, नंतर नाही.

अमेरिकेतून परत आलेले मराठी ग्राहक मात्र स्वतःहून विचारतात, "तुम्ही बायर्स एजंट म्हणून काम कराल का?" तिकडे एजंटांच्या कमिशनवरून झालेल्या खटल्यांत रिअल्टर (एजंट) संघटनेने केलेल्या तडजोडीनंतर १७ ऑगस्ट २०२४ पासून, घर दाखवायच्या आधीच घेणाऱ्याशी लेखी करार आणि त्यात फीचा स्पष्ट आकडा, अशी पद्धत लागू झाली. आपल्याकडे रीसेलला असं बंधन नाही. पण कोणी मनाई केलेली नाही, म्हणून मी तेच करतो.

माझं पत्र एका पानाचं आहे, मराठीत. त्यात असतं ते असं: कोणासाठी काम करतोय, कुठला भाग आणि किती बजेट, मुदत नव्वद दिवस, फीची रक्कम, त्यातली अर्धी करारनामा नोंदल्यावर आणि अर्धी ताबा व सोसायटी हस्तांतरण झाल्यावर. व्यवहार फिसकटला तर फी नाही. मी ‘घेऊ नका’ म्हटल्यामुळे फिसकटला तरी नाही. ज्या मालमत्तेत मला दुसरीकडून काही मिळणार असेल ती आधी लेखी सांगेन. आणि मी दाखवलेली मालमत्ता त्या मुदतीत परस्पर घेतली तर फी द्यावी लागेल. तुमचं बाणेरचं प्रकरण या शेवटच्या ओळीत बसतं. ती तुमच्याकडे नव्हती, तेव्हा आता त्या माणसाच्या मागे लागून किंवा सोसायटीत बोलून काही मिळणार नाही. सोडून द्या.

सुरुवातीला थोडी रक्कम घ्यावी का, याबद्दल मतं वेगळी आहेत. मी घेतो, फीमधून वजा होणारी, लहानशी. त्यामुळे नुसते दर रविवारी फ्लॅट बघत फिरणारे गळतात. पण बाणेर-बालेवाडीत हे चालतं म्हणून सगळीकडे चालेल असं नाही. साताऱ्याला माझा मित्र हेच काम करतो, तिथे आगाऊ पैसे मागितले तर लोक परत येत नाहीत. तो सगळं शेवटी घेतो आणि त्याचं बरं चाललंय. मुंबईत ब्रोकरेजचे आकडेच वेगळे, तिथल्याला विचारून ठरवा.

आणि सगळ्यांना एजंट लागतोच असं नाही, हे मान्य करा. भाडेकरू म्हणून आठ वर्षं राहिलेला माणूस त्याच मालकाकडून तोच फ्लॅट घेत असेल तर त्याला वकील पुरे. सख्ख्या काकांकडून घेणाऱ्यालाही. मी अशांना सरळ सांगतो की माझ्यावर पैसे घालू नका, हवं तर दस्ताचा मसुदा एकदा दाखवा. यातले कितीतरी जण पुढे मेहुण्याला घेऊन येतात.

नव्या साइटबद्दल एक व्यावहारिक सूचना. ग्राहकाने बिल्डरच्या वेबसाइटवर नंबर टाकला की तो ‘डायरेक्ट’ म्हणून टॅग होतो, मग तुम्ही सोबत गेलात तरी बिल्डरचा सोर्सिंगवाला (एजंटांशी व्यवहार बघणारा माणूस) हात वर करतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी विचारा, "कुठे कुठे नंबर टाकलाय?" जिथे टाकलाय तिथे तुम्हाला काही मिळणार नाही, आणि तिथे ग्राहकाला तपासणी हवी असेल तर तिची वेगळी छोटी फी सांगा. त्याच वेळी हेही सांगा की रेरानुसार नोंदलेल्या करारनाम्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ‘आज बुक करा, उद्या दर वाढतोय’ असं म्हणत २० टक्के मागणारे अजून आहेत.

आता तुमचं ते गप्प बसलेलं जोडपं. त्यांना ‘काय ठरलं?’ असा मेसेज पाठवू नका आणि नवे फ्लॅटही पाठवू नका. त्यांनी बघितलेल्यांपैकी एक निवडा, शक्यतो तुमचा नसलेला. त्या सोसायटीतले इंडेक्स टू काढा, कार्पेटचा दर मांडा, आणि मालकाला विचारायचे चार प्रश्न लिहा. खाली लिहा: "हे तुम्हाला द्यायचं होतं. माझ्याकडून घर घेतलं नाहीत तरी हे प्रश्न टोकन द्यायच्या आधी नक्की विचारा. या व्यवहारात मला कोणाकडून काही मिळत नाही. पुढे माझी गरज वाटली तर माझी फी अमुक रुपये, ठरीव, आणि ती फक्त तुमच्याकडून." आकडा खरा टाका, गाळू नका. तेवढं पाठवून शनिवारपर्यंत फोन करू नका.